अजायबखान्यातली काठ्यांची भिंत

मोमिनाबादच्या छावणीत गोल्फचं मैदान होतं, असं आता कुणाला सांगितलं की माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहतात. म्हातारीचं डोकं फिरलं, असं त्यांना वाटत असणार. वाटू दे. मैदान होतं. त्यावर गवत कसलं टिकायला, म्हणून तेल पाजलेल्या वाळूचे गोल केलेले होते आणि त्या गोलांत एकेक गल, म्हणजे चेंडू घालायचा खळगा. मैदानाच्या कडेला कौलारू बंगला होता. आसपासच्या सगळ्या छावण्यांच्या गोल्फचा कारभार त्या बंगल्यातून चालायचा. करंडक कुठे खेळायचा, कुणाचा खेळ खरा धरायचा, असल्या गोष्टी तिथे बसून ठरायच्या. एवढासा चेंडू गलात घालायला एवढा कारभार कशाला लागतो, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही कळत नाही.

बंगल्याच्या पुढच्या दालनात साहेब लोक बसायचे. मागच्या ओळीने असलेल्या खोल्यांत त्यांनी जुन्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या. त्या खोल्यांना सगळी छावणी अजायबखाना म्हणायची, आणि त्या अजायबखान्याचे दरोगा होते माझे मामंजी. घरात आम्ही चौघं मोठी माणसं आणि माझं एक कडेवरचं लेकरू. आमचे हे मैदानावर वाळूला तेल द्यायच्या कामावर होते. राहायला बंगल्यामागचं दोन खणी घर मिळालं होतं, ते मामंजींच्या नोकरीवर. नोकरी गेली की घर गेलं, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

आणि मामंजींना दिसत नव्हतं.

एकदम झालं असतं तर बोंबाबोंब तरी झाली असती. पण त्यांच्या डोळ्यांपुढे आधी धूर आला, मग धुराचा पडदा झाला, आणि कधीतरी पडद्यामागचंही सगळं विझलं. त्यांनी हे तोंडाने कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. वाटेतली घागर आम्ही बिनबोभाट बाजूला सरकवायचो. ताटात भाकरी रोज एकाच बाजूला, कालवण एकाच बाजूला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्या जवळून जाताना मुद्दाम बांगड्या वाजवायच्या. मग मामंजी त्या दिशेला मान वळवून अगदी दिसल्यासारखं म्हणायचे, "आलीस का?" मला या सगळ्याचा संताप यायचा. खरं सांगते, कैकदा वाटायचं, मधोमध उभं राहून ओरडावं की या माणसाला दिसत नाही. पण सून होते. गिळलं.

बंगल्यात मात्र ते राजे होते. पायांना वाट पाठ, हातांना वस्तू पाठ. पहिल्या खोलीत जिंकलेल्यांच्या नावांचा काळ्या लाकडाचा फळा होता. सोनेरी अक्षरांतली ती नावं मामंजी वरून खाली घडाघडा म्हणायचे. दुसऱ्या खोलीत चांदीचे करंडक, आणि काचेच्या पेटीत एक चामड्याचा चेंडू. फार मागे विलायतेत असे चेंडू चामड्यात पिसं ठासून शिवायचे म्हणे. त्याच्या शेजारी दुसरा चेंडू, तो एका घारीने अंडं समजून उचलला होता आणि जोगाईच्या देवळाच्या आवारात टाकला होता. तिसऱ्या खोलीत भुसा भरलेला बिबट्या. त्याचा एक काचेचा डोळा पडला, तेव्हा मामंजींनी तिथे पोरांच्या खेळातली गोटी बसवून दिली होती. बाटलीत घोणस होती. कुण्या साहेबाने चेंडू काढायला गलात हात घातला, तर ती आत बसलेली. भिंतीवर फोटो. आणि शेवटची खोली चेंडू मारायच्या काठ्यांची.

काठ्यांच्या खोलीत एक अख्खी भिंत काठ्यांनी भरलेली होती. काही लाकडी डोक्याच्या, काही लोखंडी. छातीएवढ्या उंचीवर खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्याला एक काठी. दाराजवळच्या पहिल्या खिळ्याला सगळ्यांत जुनी, आखूड, मानेशी मोडलेली आणि सुतळीने आवळून बांधलेली काठी. हे मैदान ज्या साहेबाने पहिल्यांदा आखलं, त्याची ती. मग पुढच्या खिळ्याला कोणाची, त्याच्या पुढच्याला कोणाची, असं मामंजी दारापासून खिडकीपर्यंत सांगत जायचे. ते काठी बघून सांगत नव्हते. खिळ्यांवरून सांगायचे.

आता खंडेनवमीचं सांगते. ज्या हत्यारावर पोट चालतं ते त्या दिवशी धुऊन पुसून पूजतात, हे आपल्याकडे सगळेच करतात. सुतार किकरं-वाकस पूजतो, कुणबी नांगर पूजतो. मामंजी दरसाल ती पहिल्या खिळ्यावरची मोडकी काठी घरी आणायचे, तिला हळदकुंकू लावायचे, झेंडूचं फूल वाहायचे आणि परत नेऊन टांगायचे. त्या साली आत्याबाईंच्या मनाने वेगळंच घेतलं.

"एकीलाच पुजतो आपण," त्या मला म्हणाल्या. "बाकीच्या सगळ्या कामून उपाशी ठेवायच्या? म्हणूनच तर हे असं झालंय."

हे असं म्हणजे कसं, ते त्या बोलल्या नाहीत. मी समजले.

नवमीला मामंजी आमच्या ह्यांच्याबरोबर जोगाईच्या होमाला गेले. किल्ल्यांचा जुडगा खुंटीला होता. आत्याबाईंनी तो घेतला आणि बंगल्यात गेल्या. मी घरी पुरणाला बसलेले, आणि कडेवरचं लेकरू तापाने फणफणलेलं. मी फक्त त्यांना परत येताना पाहिलं. कपाळावर घाम, पदराला तेलाचा वास, आणि तोंडावर असं समाधान की जणू काशी करून आल्या.

"सगळ्या पुसल्या गं. जवसाचं तेल लावलं, हळदकुंकू लावलं. चकचकीत झाल्यात बघ."

मामंजी होमाहून घरात पाय टाकतात न टाकतात तोच चपराशी आला. मोठा साहेब डाकबंगल्यावर उतरलाय, दरोग्याला बोलावलंय. तो साहेब सगळ्या छावण्यांच्या गोल्फचा मुख्य होता आणि दसरा झाल्यावर यायचा होता. आधीच येऊन टपकला. कारणही तसंच होतं. दुसऱ्या एका छावणीतला चांदीचा करंडक नाहीसा झाला होता, आणि तेव्हापासून साहेब जागोजागच्या वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी बघत फिरत होता. साहेब सकाळी बघायला येणार हा निरोप घेऊन मामंजी डाकबंगल्याहून परतले तेव्हा दिवे लागले होते. दिवेलागणीनंतर अजायबखाना उघडायचा नाही असा नियम, कारण आत सगळं लाकूड आणि तेल. काठी पुजून जागेवर टांगली, एवढंच आत्याबाईंनी त्यांना सांगितलं. ते जेवले, अचकन झटकून ठेवली आणि झोपले.

दसऱ्याच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे खोल्या झाडायला गेले. फळा झाडला, करंडक झाडले, बिबट्याच्या पाठीवरून फडकं फिरवलं. काठ्यांच्या खोलीत आले आणि केरसुणी हातातच राहिली.

भिंत देखणी दिसत होती, खोटं कशाला बोलू. प्रत्येक काठीला हळदकुंकवाची बोटं, प्रत्येकीच्या गळ्यात झेंडू. आणि सगळ्या काठ्या लावल्या होत्या थोरलीपासून धाकटीपर्यंत. दाराशी सगळ्यांत लांब, मग तिच्याहून आखूड, मग तिच्याहून. घरात मांडणीवर आपण हंडा, मग कळशी, मग तांब्या लावतो ना, तशा. आत्याबाईंनी आयुष्यभर भांडीच लावली होती. भिंतीवर काही नीट लावायचं म्हणजे असंच लावायचं, यात त्यांना शंकाही आली नसणार.

ती मोडकी काठी पार खिडकीजवळ गेली होती, शेवटच्या खिळ्याला.

मी धावत घरी गेले. मामंजी निघून गेले होते, फाटकाशी साहेबाची वाट बघत उभे. त्यांना बाजूला घेऊन सांगावं तर साहेबाचा घोडा तेवढ्यात फाटकातून आत आला. मी आत्याबाईंना ओढत बंगल्याच्या मागच्या दाराने काठ्यांच्या खोलीत आणलं.

"आधी कशा व्हत्या ते आठवा."

त्या भिंतीकडे बघत राहिल्या. त्यांना अजून कळलंच नव्हतं. "अगं पण नीट तर लावल्यात."

"मामंजी खिळ्यावरून सांगतात, आत्याबाई. काठी बघून न्हाई. त्यांना..." पुढचा शब्द माझ्याही तोंडातून निघेना.

त्यांचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी एक काठी उचलली, परत ठेवली, दुसरी उचलली.  कुठली कुठे होती, ते त्यांना येत नव्हतं आणि मलाही येत नव्हतं. रोज मी त्यांचं बोलणं ऐकलं होतं, पण झाडता झाडता ऐकलेलं, कुठलं टिकतंय. फक्त पहिली ठाऊक होती. मी म्हटलं, निदान ती तरी दाराशी आणू. खिडकीकडे वळले आणि शेजारच्या खोलीत बुटांचा आवाज आला. आम्ही दोघी मागच्या दाराच्या चिकाआड झालो. बांबूच्या पट्ट्यांच्या त्या पडद्यातून आतलं सगळं दिसायचं, आतून आम्ही दिसत नव्हतो.

साहेब उतारवयाचा, लाल तोंडाचा, आणि बोलणं तोडकंमोडकं हिंदुस्थानी. बरोबर कागदपत्रं सांभाळणारा त्याचा पेशकार, शेरवानीतला, हैदराबादेकडचा. शेजारच्या खोलीतलं आम्हाला ऐकू येत होतं. घोणशीची गोष्ट मामंजींनी अशी सांगितली की साहेब मोठ्याने हसला. मग फोटोंपाशी साहेबाने विचारलं, "ये तुम?"  साहेब कुठल्या फोटोवर बोट ठेवून विचारतोय हे त्यांना कसं कळणार? मामंजी म्हणाले, "हुजूर, इथं जितक्या फोटोंत काळ्या मिशांचा देखणा गडी दिसेल, तो मीच." पुन्हा हशा झाला. आत्याबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की त्यांच्या बोटांचे वळ उठले.

मग ते आत आले.

मामंजी पहिल्या खिळ्यापाशी जाऊन उभे राहिले. छाती पुढे, हात मागे. बोलताना वस्तूला हात लावायचा नाही ही त्यांची रीत, दिसणाऱ्या माणसाची रीत. हळदीचा वास त्यांना आलाच असणार. नवमीचा दुसरा दिवस, वास येणारच, असं समजून गेले असतील.

"हुजूर, ही सगळ्यांत जुनी. हे मैदान आखणाऱ्या साहेबांची. आखूड हाय, मानेशी मोडली व्हती. ही सुतळी बघा, त्यांनी सवताच्या हातानं आवळलेली."

साहेबाने समोरच्या लांब, धडधाकट काठीकडे बघितलं. मग मामंजींकडे. "कहां?"

"ही काय, हुजूर. समोरच."

 मग पेशकार पुढे झाला, काठीच्या मानेवरून त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "यहां कोई सुतली नहीं है." साहेबाचा चेहरा बदलला. इतका वेळ हसणारा माणूस, पण तो शेवटी करंडक शोधायला निघालेला माणूस होता. पेशकार मराठीतच बोलला, मामंजींना शब्द न् शब्द समजावा म्हणूनच बहुतेक. "दरोगा, जुनी काठी कुणाला दिली? विलायतेत ह्या काठीला कितीही देणारे हायेत, ते तुमाला ठाऊक झालंय वाटतं. आणि वरून जागेवर दुसरी टांगून साहेबाच्या डोळ्यात धूळ फेकायलाव?"

  मामंजींनी हात पुढे केला, काठी चाचपली, आणि त्यांना कळलं. भिंत आपली राहिली नाही, हे त्यांना कळलं. मी त्यांचा चेहरा बघत होते, म्हणून सांगते. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. मला दिसत नाही, एवढाच. पण तो शब्द काढला की दरोगागिरी गेली, घर गेलं. आणि तसंही, तो शब्द काढायची सवयच नव्हती त्यांना. ते नुसते उभे राहिले. दोषी माणूस उभा राहतो तसेच.

"चौकीवर न्या याला," पेशकार बाहेरच्या शिपायाला म्हणाला.

मी आत्याबाईंकडे बघितलं. मी पुढे गेले तर सगळं उघडं पडणार होतं. नाही गेले तर चोरीचा आळ. हे ठरवणं माझ्याकडे नव्हतं, नवरा त्यांचा होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज अगदी कोरडा निघाला.

"जा गं. आंधळं म्हणू देत. चोर नगं."

मी चिक सारून आत गेले. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण मान खाली घातली नाही. पेशकार "अरे, अरे" करत राहिला. मी सरळ खिडकीशी गेले, शेवटच्या खिळ्यावरची मोडकी काठी काढली, आणि साहेबाच्या नाही, मामंजींच्या हातात दिली.

"मामंजी, ही घ्या. काल पूजेला सगळ्या उतरवल्या व्हत्या. लावताना उंचीनं लावल्या."

त्यांचा अंगठा सुतळीवर गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी ती काठी दोन्ही हातांनी साहेबापुढे धरली. पण साहेब तोवर मला वाट द्यायला दोन पावलं बाजूला सरकला होता. मामंजींनी काठी मोकळ्या जागेपुढे धरली होती.

साहेब त्या जागेकडे बघत राहिला. मग हळूच मामंजींच्या तोंडासमोर आला आणि त्याने त्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी हलली नाही. त्या क्षणाला मला त्या साहेबाचा, पेशकाराचा, त्यांच्या काठ्यांचा आणि चेंडूंचा असा राग आला की वाटलं, हीच काठी घ्यावी. पण साहेब मोठ्याने बोलला नाही.

"कब से?" त्याने विचारलं.

"लई दिवस झाले, हुजूर," मामंजी म्हणाले.

साहेबाने काठी घेतली, मानेवरची सुतळी बघितली, त्यावरचं कुंकू बघितलं. ते पुसायला पेशकाराने रुमाल काढला, तर साहेबाने त्याला थांबवलं. स्वतः जाऊन पहिल्या खिळ्यावरची लांब काठी काढली आणि तिथे ही टांगली. मग सगळ्या भिंतीकडे बघून पेशकाराला आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. पेशकाराने मामंजींपुढे हात केला. "किल्ल्या," तो म्हणाला. "साहेब म्हणतात, तुमच्यावर आळ न्हाई. पण नजर नसलेल्या माणसाकडं अजायबखाना ठेवता येत न्हाई. दिवाळीपर्यंत घर वापरा."

कमरेचा जुडगा सोडायला मामंजींना कधी नव्हे तो वेळ लागला.

संध्याकाळी गावात सीमोल्लंघनाची धामधूम. मुलं आपट्याची पानं वाटत हिंडत होती. आमच्याकडे कुणी फिरकलं नाही, छावणीत बातमी पसरायला काय वेळ लागतो. मामंजी ओट्यावर बसून होते. मधूनमधून हात कमरेला जायचा आणि रिकामा परत यायचा. आमचे हे मैदानावरून आले आणि त्यांच्या शेजारी नुसते बसून राहिले. आत्याबाई सकाळपासून आतच. भिंतीला टेकून, गुडघ्यात डोकं घालून. जेवल्या नाहीत. "माझ्याच हातानं झालं," एवढंच त्यांचं चाललेलं.

मी आपट्याची पानं आणून मामंजींच्या हातात ठेवली. ते उठले. दरसाल पहिलं सोनं ते आत्याबाईंना द्यायचे. त्या बांगड्या वाजवत पुढे यायच्या, आणि ते दिसल्यासारखा हात पुढे करायचे. ते उंबऱ्यात येऊन थांबले.  बांगडी वाजेना.

मी तोंड उघडणार तेवढ्यात ते बोलले.

"कुठं हायेस गं?"

त्या घरात त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. आत्याबाईंनी डोकं वर केलं. 

"हितं," त्या म्हणाल्या. "चुलीच्या अंगाला."

मामंजी आवाजाच्या रोखाने निघाले. त्या दिवशीच्या गडबडीत घागर मधेच राहिली होती. मी सरकवायला वाकले, पण आत्याबाई आधी बोलल्या.

"थांबा. डाव्या हाताला घागर हाय. जपून या."

मामंजी थांबले, पायाने घागर चाचपली, आणि वळसा घालून पुढे गेले. पानं त्यांच्या ओंजळीत ठेवताना म्हणाले, "आधीच सांगत जायचं व्हतं की."